दोनातोंनी गवत कापणं सोडलं

दोनातोंबद्दल मला प्रेमाने लिहिता येईल का, याची खात्री नाही. मी त्यांच्या घरी वर्षभर भाड्याने राहिलो. त्या वर्षात ते माझ्याशी एकदाही गोड बोलले नाहीत, आणि मीही बहुतेक वेळ मनातून त्यांच्यावर चिडलेलाच असायचो. तरी त्या गावातलं दुसरं कुणीही मला इतकं स्पष्ट आठवत नाही. बायकोच्या थडग्यावरच्या एका फोटोवरून त्यांचं आणि गावाचं जे भांडण झालं, त्यात मी कुणाच्या बाजूचा होतो हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो. आज थोडंफार सांगता येईल असं वाटतं.

गाव इंग्लंडमधलं, बेडफर्ड आणि मिल्टन कीन्सच्या मधलं. एक चर्च, एक पब, एक पोस्ट ऑफिस जे आठवड्यातून काही दिवसच उघडायचं, आणि चहूबाजूंनी सपाट शेतं. माझं विद्यापीठ तिथून सायकलने जाण्याइतकं जवळ होतं. मी पाणी व्यवस्थापनात एमएससी करायला आलो होतो. मिरजेला वडील रिक्षा चालवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे परदेशात कुणाशी कसं वागावं हे मला विचारायलाही कुणी नव्हतं, आणि पहिल्याच दिवशी गाठ पडली ती दोनातोंशी.

दार उघडून ते उंबऱ्यातच उभे राहिले. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. घरातसुद्धा डोक्यावर चपटी टोपी. माझ्या बॅगांकडे बघत त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"काय शिकतोस?"

"वॉटर मॅनेजमेंट."

"पाण्याला मॅनेजर लागतो?"

मी काहीतरी धरणं, कालवे असं सांगायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"पाणी खाली जातं. संपलं. झालास तू प्रोफेसोरे. खोली वर आहे. बूट इथे काढ."

त्या दिवसापासून मी 'प्रोफेसोरे' झालो. माझं खरं नाव त्यांनी वर्षभरात विचारलं नाही. भाड्याचा चेक देताना ते त्यांना वाचायला मिळत असणार, पण त्याने काही फरक पडला नाही.

माझ्या फोडणीवर त्यांचा विशेष राग होता. मोहरी तडतडायला लागली की ते बागेतून आत यायचे आणि खिडक्या धडाधड उघडायचे. डिसेंबरातसुद्धा. "तुझ्या जेवणाने भिंती खोकायला लागल्यात," असं म्हणायचे. पण मी एकदा नुसता ब्रेड आणि दूध खाऊन झोपायला निघालो, तेव्हा जिन्यात आडवे आले. "हे जेवण आहे? हे आजारी मांजराला देतात." आणि पास्त्याची ताटली माझ्या हातात अशी दिली, की जणू समन्स बजावत होते. मी आभार मानले तर आणखी चिडले. "थँक यू कशाला? भूक लागली म्हणून खा."

ते दक्षिण इटलीतल्या डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातले. युद्धानंतर त्या भागातले पुष्कळ लोक करारावर बेडफर्डच्या वीटभट्ट्यांवर आले. दोनातोंना मात्र तपासणी करून शेतावर पाठवलं. "डॉक्टरला माझे खांदे आवडले," ते म्हणायचे. थंडीत ब्रसेल्स स्प्राउट्स तोडायची. हे लिंबाएवढे कोबी उभ्या दांड्याला चिकटलेले असतात, आणि पहाटे त्यावर बर्फ गोठलेला असतो. हातमोजे घातले तर काम मंदावतं, म्हणून घालायचे नाहीत. त्यांचा उजवा अंगठा वाकत नव्हता. त्यांनी उमेदीची वर्षं त्या एका भाजीपायी घालवली, आणि ती भाजी घरात आणायला बंदी होती. मी एकदा स्वस्त मिळाली म्हणून पिशवीभर घेऊन आलो, तर त्यांनी ती उचलून सरळ कंपोस्टच्या ढिगावर टाकली. पैसे परत दिले नाहीत. माफीही मागितली नाही.

शेतावरचा मुकादम सगळ्या इटालियनांना 'टोनी' म्हणायचा. नावं लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून.

"मग?" मी विचारलं.

"मग मला मुलगा झाला. त्याचं नाव टोनी ठेवलं. मुकादमाला सांगितलं, हा टोनी. बाकी आम्ही कुणी टोनी नाही. याला हाक मार, हा काम करणार नाही, हा दूध पितो."

हे सांगतानाही ते हसले नाहीत. मी हसलो, तर "यात हसण्यासारखं काय आहे?" म्हणाले.

हा टोनी आता मिल्टन कीन्सला कुठल्याशा आयटी कंपनीत होता. चाळिशी उलटलेला, सभ्य, घाईत असलेला माणूस. रविवारी यायचा, गाडीची किल्ली हातातच ठेवून अर्धा तास बसायचा.

दोनातोंनी गावासाठी पुष्कळ केलं, असं गावातले लोकही म्हणायचे. पण म्हणताना त्यांचा चेहरा आंबट व्हायचा, कारण दोनातोंचं काही करणं आणि अपमान करणं यात अंतर नसे. बर्फ पडला की दिवस उजाडताच ते बस स्टॉपपासून चर्चपर्यंतचा फुटपाथ फावड्याने साफ करायचे, आणि वाटेतल्या प्रत्येक घरासमोर थांबून, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "अजून झोपलेत." शेतावर नव्याने आलेली लिथुएनियाची पोरं होती. त्यांना ते 'कामचोर' याखेरीज दुसरं काही म्हणत नसत. पण डॉक्टरकडे नाव नोंदवायला, बँकेत खातं उघडायला तेच त्यांना घेऊन जायचे, आणि काउंटरवरच्या बाईशी त्यांच्या वतीने भांडायचे.

आणि मिसेस पील. त्या चर्चच्या मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, हातात कायम हातमोजे. त्यांना गुडघ्यासाठी बेडफर्डच्या हॉस्पिटलला जावं लागायचं आणि दोनातो त्यांना आपल्या जुन्या व्हॅनमधून न्यायचे. मला एकदा त्याच बाजूला जायचं होतं म्हणून मी मागे, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर बसलो होतो.

"तुम्ही फार जोरात चालवता," मिसेस पील म्हणाल्या.

"तुम्ही फार हळू मरता," दोनातो म्हणाले.

मला वाटलं आता त्या गाडी थांबवायला सांगतील. त्यांनी फक्त पर्स मांडीवर सरळ केली. "गुडघा दुखतोय, दोनातो. मरणाचा काही संबंध नाही."

"गुडघा बसून बसून दुखतो. असुंताचा कधी दुखला नाही. ती बसलीच नाही."

"हो, आणि ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पस्तीस वर्षं."

"तिला इंग्लिश येत होतं. तिला तुम्ही आवडत नव्हता."

हॉस्पिटलच्या दारात उतरताना मिसेस पील माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भयंकर माणूस आहे." आणि लगेच त्यांना विचारलं, "पुढच्या मंगळवारी त्याच वेळेला?"

असुंता म्हणजे दोनातोंची बायको. मी यायच्या आदल्या वर्षी ती वारली होती. तीही शेतावरचीच, कांदे निवडायच्या शेडमध्ये तिचं आयुष्य गेलं. घरात तिच्या वस्तू जागच्या जागी होत्या, पण तिच्याबद्दल ते क्वचितच बोलायचे. रोज दुपारी मात्र ते गावाबाहेरच्या दफनभूमीत जायचे. तिथलं गवत कापणं हे त्यांचं काम. म्हणजे कुणी दिलेलं नव्हतं. पूर्वी कधीतरी त्यांनी बघितलं की थडग्यांवर गवत माजलंय, आणि शेतावरचं यंत्र मागून आणून ते कापलं. तेव्हापासून तेच कापत आले. दर आठवड्याला, उन्हाळाभर. सगळ्यांच्या आईवडलांच्या थडग्यांभोवतीचं. असुंता तिथे पुरली जाण्याच्या कितीतरी आधीपासून.

मी आल्यानंतरच्या वसंतात एक पार्सल आलं. इटलीतल्या चुलतभावाने पाठवलेलं. आत कागदांच्या थरात एक अंडाकृती चिनीमातीची तबकडी होती, पितळी कडेची, आणि त्यावर असुंताचा भाजून पक्का केलेला फोटो. त्यांच्या गावाकडे प्रत्येक थडग्यावर असा फोटो असतो म्हणे. ऊन, पाऊस, काही होत नाही त्याला.

मी फोटो बघितला आणि जरा दचकलो. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावतात तेव्हा बरा निवडतात. लग्नातला, स्टुडिओतला. ही बाई कांद्याच्या शेडमध्ये उभी होती. डोक्याला रुमाल, एका हातात गोणी, आणि फोटो काढणाऱ्याकडे ती अशी बघत होती की आता गोणी त्याच्या डोक्यात घालणार.

"दुसरा नव्हता का?" मी जपून विचारलं.

"आहेत. पण त्यात दुसरीच बाई आहे. हसणारी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन तो असुंताच्या दगडावर बसवला. कुणालाही विचारलं नाही. मला वाटतं, विचारायचं असतं हे त्यांच्या मनातच आलं नाही. इतकी वर्षं ते तिथे जात होते. तिथल्या प्रत्येक मेलेल्या माणसाची त्यांनी सेवा केली होती. आपल्या बायकोला चेहरा लावायला आपण कुणाला विचारायचं?

पॅरिश कौन्सिलची, म्हणजे गावच्या पंचायतीची, सेक्रेटरी होती मिसेस हार्डिंग. नीटनेटकी, मृदू बोलणारी बाई. दफनभूमी पंचायतीच्या ताब्यात होती आणि तिचे नियम होते: ठराविक उंचीचा दगड, कठडा नाही, दिवे नाहीत, फोटो नाही. आठवड्याभरात असुंताच्या दगडाला एक प्लास्टिकची पाटी हिरव्या सुतळीने बांधलेली दिसली. परवानगीशिवाय लावलेलं चित्र महिन्याच्या आत काढावं, नाहीतर पंचायत काढेल.

दोनातो घरी आले ते लाल होऊन. टेबलावर दोन्ही मुठी टेकवून उभे राहिले.

"तिच्या गळ्यात पाटी बांधली," ते म्हणाले. "बाजारातल्या मेंढीच्या बांधतात तशी."

मी म्हणालो, "मिसेस हार्डिंगला भेटून समजावून सांगितलं तर?" मला तेव्हा खरंच वाटायचं की समजावून सांगितलं की लोक ऐकतात.

"मी काय समजावू? चेहरा नसलेलं मेलेलं माणूस म्हणजे नुसतं नाव. नाव कुत्र्यालाही असतं."

त्या रविवारी टोनी आला. "पप्पा, सोडून द्या ना. मी घरात लावायला मोठी फ्रेम करून देतो. आईला असला तमाशा आवडला नसता."

"तुझ्या आईला काय आवडायचं ते तुला माहीत आहे?"

"लोक काय म्हणतायत ते मला माहीत आहे."

"मग लोकांकडे जा जेवायला."

टोनी किल्ली उचलून गेला. नंतर पुष्कळ रविवार आला नाही.

पुढच्या आठवड्यात दोनातोंनी दफनभूमीतलं गवत कापलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जाहीर काही केलं नाही. यंत्र शेडमध्ये झाकून ठेवलं आणि दुपारी नुसती कात्री घेऊन जायला लागले. गुडघ्यावर बसून असुंताच्या थडग्यावरचं तेवढं गवत कातरायचे, शेजारच्या थडग्याच्या कडेला आले की थांबायचे. ते वर्ष पावसाचं होतं. जून संपेपर्यंत दफनभूमीत गवत गुडघ्याएवढं झालं, दगड त्यात बुडाले, आणि मधोमध एक स्वच्छ चौकोन, त्यात असुंता, सगळ्यांकडे रागाने बघत.

गावाला हे सहन झालं नाही. पोस्टात रांगेत उभा असताना मला ऐकू यायचं. "आईच्या थडग्यापर्यंत जाताना माझे मोजे भिजले." "आणि ती बाई बघते कशी!" एकजण दोनातोंना तोंडावर म्हणाला, "तुमची बायको माझ्याकडे डोळे वटारून बघते, मला अस्वस्थ वाटतं." दोनातो म्हणाले, "जिवंत होती तेव्हाही बघत होती. तेव्हा तुम्ही बघितलं नाहीत." पबमध्ये त्यांच्याशी कुणी बोलेना. ज्यांच्या दारातला बर्फ त्यांनी वर्षानुवर्षं काढला, ते रस्ता ओलांडून पलीकडे जायला लागले. एका सकाळी व्हॅनच्या मागच्या दारावरच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहिलं होतं, 'घरी जा.'

मी बादली आणि फडकं घेऊन बाहेर आलो. दोनातोंनी माझ्या हातातून फडकं काढून घेतलं.

"ज्याने लिहिलं त्याने पुसावं."

ती अक्षरं घेऊन व्हॅन गावभर फिरत राहिली. मंगळवारी मिसेस पीलनी ती वाचली. "असल्या गाडीतून मी जाणार नाही. लोकांना वाटेल माझ्याबद्दल लिहिलंय."

"मग चालत जा."

त्या पुढचं दार उघडून बसल्या. त्यांनीही ते पुसलं नाही. दोघंही सारखेच हट्टी होते असं आता वाटतं.

वडलांना मी फोनकार्डवरून हे सगळं सांगायचो. "बायकोचा फोटो लावायला परवानगी?" ते परत परत विचारायचे. मग म्हणायचे, "पण गवताचं त्यांनी बरोबर नाही केलं. मेलेल्या माणसांनी त्यांचं काय बिघडवलंय?" मलाही तसंच वाटायचं. मी दोन्हीकडचा विचार करायचो आणि कुठेच पोचायचो नाही.

महिना उलटून गेला होता. मिसेस हार्डिंगने फोटो थेट काढून टाकायचं धाडस केलं नसावं. शेवटी तो विषय पंचायतीच्या बैठकीत आला. बैठक गावच्या हॉलमध्ये. गावकऱ्यांना बोलायला तीन मिनिटं मिळायची. मी दोनातोंना म्हणालो, "तुम्ही म्हणाल ते मी नीट इंग्लिशमध्ये लिहून देतो." त्यांनी नकार दिला. "तुझ्या इंग्लिशला ते 'व्हेरी नाइस' म्हणतील आणि मला घरी पाठवतील. माझ्या इंग्लिशला निदान घाबरतील."

हॉल भरला होता. अध्यक्ष होते मिस्टर व्हिटलॉक, उंच, सौम्य, निवृत्त शाळामास्तर. त्यांचे आईवडील त्याच दफनभूमीत होते. दोनातो जाऊन उभे राहिले. सूट घातला होता, टोपी हातात. प्रथमच मी त्यांचं टक्कल बघितलं.

"मला एक प्रश्न आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी तिथे गवत कापत होतो. तुम्ही जाता-येता बघत होता. हात वर करत होता. तेव्हा तुम्हाला काय वाटत होतं, मी काय करतोय?"

मिस्टर व्हिटलॉक गोंधळले. इकडेतिकडे बघितलं. मग ते जे म्हणाले ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, हे मी शपथेवर सांगेन. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता.

"आम्हाला वाटायचं, तुम्हाला ते आवडतं."

दोनातोंनी टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हणजे, स्वयंसेवा," मिस्टर व्हिटलॉक म्हणाले. "माणूस आवडीने करतो. तुम्हाला बागेची आवड आहे, घराबाहेर राहायला आवडतं. आम्ही त्याबद्दल कृतज्ञच आहोत. पण त्याचा नियमांशी संबंध कसा जोडायचा?"

"आवडतं," दोनातो म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मला गवत आवडतं." मग एकदम वर गेला. "मी गवताचा तिरस्कार करतो! सगळं आयुष्य मी तुमच्या चिखलात वाकलो. संध्याकाळी मला सरळ उभं राहता येत नव्हतं. आणि मग मी तिथे जात होतो. आवडीने?"

मिसेस हार्डिंग हळूच म्हणाली, "मिस्टर दोनातो, तुमची वेळ संपली."

मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो, आणि मला आमची गल्ली आठवली. लग्नकार्याला पंगतीत वाढायला गल्लीतली सगळी माणसं येतात. घामाघूम होऊन बादल्या फिरवतात. त्यांना कुणी थँक यू म्हणत नाही. म्हटलं तर राग येईल. पण त्यांच्या घरच्या कार्याला आपण गेलो नाही, तर ते पिढ्यान् पिढ्या विसरत नाहीत. वाढणं ही त्यांची आवड आहे असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. दोनातो इतकी वर्षं पंगतीत वाढत होते. आणि गावाला वाटत होतं, या माणसाला बादली धरायची हौस आहे. चूक कुणाची हे मला अजूनही ठरवता येत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. यांनी कधी विचारलं नाही.

हात वर झाले. दगडावरचा फोटो काढून टाकायचं ठरलं. गवतासाठी पंचायत बेडफर्डचा कंत्राटदार लावणार होती. दोनातोंनी टोपी घातली आणि बाहेर पडले.  घरी आल्यावर मी चहा करू का विचारलं. "तुला चहा आवडतो, तू पी," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी सकाळी, पोस्ट उघडलेलं, लोक रस्त्यावर, अशा वेळी शेतावरचा लोडर दफनभूमीच्या फाटकात येऊन उभा राहिला. चालवत होता त्या लिथुएनियाच्या पोरांपैकी एक. दुसरा मागे पट्टे घेऊन. दोनातो पुढे चालत त्यांना शिव्या देत होते, "हळू, गाढवा, कांदे नाहीत ते!" त्यांनी असुंताचा दगड मुळापासून सैल केला, पट्टे बांधले, उचलला. तोपर्यंत फाटकाशी माणसं जमली होती. मिसेस हार्डिंग धावत आली.

"तुम्हाला असं करता येणार नाही! दगड काढायलासुद्धा परवानगी लागते!"

"लावायला परवानगी, काढायला परवानगी," दोनातो म्हणाले. "मरायला कुणाची घेतली होती तिने?"

लोडर मुख्य रस्त्याने निघाला. पट्ट्यांत टांगलेली असुंता गावातल्या प्रत्येक घराकडे आळीपाळीने बघत हळूहळू वर आली, आणि दोनातोंच्या पुढच्या बागेत उतरली. तोंड रस्त्याकडे. समोर बस स्टॉप. त्यांनी कुंपणाची झाडं गुडघ्याएवढी छाटून टाकली, म्हणजे कुणाला दिसत नाही अशी सबब नको. त्यांच्या बागेत पंचायतीचा नियम चालत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बसची वाट बघणारे लोक रस्त्याकडे पाठ करून, मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायला लागले. बस आली की गडबडीने वळायचे. एक बस त्यात चुकलीसुद्धा. मिसेस पील तेवढ्या सरळ उभ्या राहायच्या. एकदा बराच वेळ दगडाकडे बघून त्या रस्त्यापलीकडून ओरडल्या, "एकदाही हसली नाही माझ्याकडे बघून!"

"हसण्यासारखं काय केलंत?" दोनातोंनी बागेतून विचारलं.

मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर त्यांना जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही दिसलं नाही. दुपारी ते दफनभूमीत जायचेच. आता तिथे दगड नव्हता, नुसती जमीन. कंत्राटदार येऊन सगळं सारखं कापून गेला होता, आणि तो चौकोनही दिसेनासा झाला होता. मी एकदा न राहवून विचारलं, "आता ती नक्की कुठे आहे, हे बाकीच्यांना कसं कळणार?"

 मला वाटलं ओरडतील. "बाकीच्यांना तिचा चेहरा दिला," ते म्हणाले. "जागा माझी आहे." मग वर जा म्हणून हात हलवला.

सप्टेंबरात माझा प्रबंध झाला आणि मी निघालो. निरोप घ्यायला म्हणून मी खाली बसून राहिलो. ते जेवून टोपी घालून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. टेबलावर पास्त्याचा डबा होता, वर्तमानपत्रात बांधलेला. मी बॅगा ओढत रस्ता ओलांडला आणि बसमध्ये चढलो. तेव्हा खरं सांगतो, मला रागच आला होता. एक 'जा' म्हणायला काय जात होतं?

बस गावाबाहेर दफनभूमीच्या कुंपणाला लागून वळते. कंत्राटदाराचा दिवस होता. तरुण पोरगा, कानाला हेडफोन, बसून चालवायच्या मोठ्या यंत्रावर. दगडांच्या ओळींत मधोमध एका दगडाची जागा मोकळी होती, तिथे नुसतं गवत होतं, आणि त्यात दोनातो उभे होते. हात मागे, पाय जरा फाकवून. यंत्र सरळ त्यांच्यावर आलं. पोरानं हॉर्न दिला. परत दिला. मग हेडफोन काढून काहीतरी ओरडला, हाताने बाजूला व्हा असं दाखवलं. ते हलले नाहीत, त्याच्याकडे बघितलंही नाही. पोरगा थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने स्टिअरिंग वळवलं आणि यंत्र त्यांना वळसा घालून पुढे गेलं.